खालच्याने वर पाहू नये

१

वखारीच्या मध्यभागी पुरुषभर खोल आणि लांबट असा एक खड्डा होता. त्याच्या तोंडावर आडव्या तुळया टाकून त्यांवर ओंडका चढवला जाई. ओंडक्यावर दादा उभा राही आणि खड्ड्यात धाकटा. दोघांच्या मधून उभी करवत चाले. तिची वरची मूठ दादाच्या हाती, खालची धाकट्याच्या. धाकटा खाली ओढी तेव्हा लाकूड चिरले जाई, दादा वर ओढी तेव्हा करवत पुन्हा कामासाठी सज्ज होई. ढकलायचे कोणीच नाही. आपल्याकडे ओढायचे आणि मग समोरच्याला ओढू द्यायचे, एवढाच काय तो संसार.

पासष्टी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी तो धाकटाच राहिला होता. सबंध बाजार त्याला त्याच नावाने ओळखत असे. लग्न त्याने केले नाही. कोणी विचारले तर म्हणे, "खड्ड्यात एकदा उतरलोय, तेवढं पुरे आहे."

वडिलांनी दोघांना हे काम शिकवले, तेव्हा नियम फार सांगितले नव्हते. वरच्याने ओंडक्यावर आखलेल्या रेघेवरून नजर हलवू नये आणि खालच्याने वर पाहू नये. वर पाहिले की डोळ्यांत भुसा जातो, एवढे साधे कारण. पोरवयातल्या धाकट्याने विचारले होते, "मग मी बघू कुठे?" वडील म्हणाले होते, "तुला बघायचंय काय? वर तुझा भाऊ आहे ना?"

पुढे सारा जन्म धाकट्याने दादाला खालूनच ओळखले. ओंडक्याच्या कडेशी दिसणारी पायाची बोटे, भुशातून झिरपत येणारे गुणगुणणे आणि करवत पूर्ण वर गेल्यावर होणारा तो क्षणभराचा अडखळा. दादाचा उजवा खांदा तरुणपणीच दुखावला होता. त्यामुळे प्रत्येक ओढीच्या माथ्यावर तो किंचित थबके, जणू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कोणी दम घ्यावा.

थांबायचे झाले की दादा करवतीच्या पात्यावर नखाने दोनदा टिचकी मारी. तो बारीक नाद पात्यातून खाली उतरे. धाकट्याने आपल्या टोकावर दोन टिचक्या मारून उत्तर द्यावे, मगच दादाने मूठ सोडावी आणि शिडीने खाली यावे. उत्तराविना उतरायचे नाही, कारण खालच्याला नकळत करवत सुटली तर ती त्याच्याच अंगावर यायची. मग दोघे भाऊ खड्ड्याच्या पायथ्याशी भुशावर बसत आणि वहिनींनी आणलेला चहा पीत.

ज्या दिवशी दादा गेला त्या दिवशी टिचकी आली नाही. करवत खाली आली, ती वर गेलीच नाही. धाकटा खालून ओरडला, "काय रे दादा, वर घर बांधतोयस की काय?" उत्तर नाही. विडी पेटवत असेल, असे समजून तो भुशाच्या ढिगाला टेकला. त्याला बरेच वाटले. तेवढीच विश्रांती.

मग वहिनींची पावले आली आणि थांबली. किंकाळी नाही, कप फुटल्याचा आवाज नाही. वहिनींनी दोन्ही कप जमिनीवर अलगद ठेवल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. आणि एवढ्या अलगदपणावरूनच धाकट्याला सारे कळले.

२

ओंडका तसाच राहिला, अर्धा चिरलेला, करवत पोटात धरून. वखार बंद झाली. पुतणीने, दादाच्या मुलीने, दोघांना आपल्याकडे राहायला बोलावले, आणि नाही म्हणावे असे कारण कोणापाशीच उरले नाही.

"भावोजी," वहिनी एका सकाळी म्हणाल्या, "शुक्रवारी सुतार ओंडका न्यायला येणार. तुमची ती करवत तेवढी काढून घ्या. नाहीतर तीही त्याच्या गाडीत जाईल, आणि त्याच्या हाताला लागलेली वस्तू परत येत नाही."

"काढतो."

"काढतो काढतो करत महिना गेला. खड्डा काही उठून तुमच्याकडे यायचा नाही."

वहिनींचे बोलणे दादा असताना जसे होते तसेच राहिले होते. फक्त बोलून झाल्यावर त्या आता हसत नसत.

करवत काढायची तर आधी खालची मूठ काढावी लागते. ती लाकडी असते आणि पाचर मारून बसवलेली असते. तेव्हा धाकटा शिडीने खड्ड्यात उतरला. तिथे ओल्या लाकडाचा तोच आंबूस वास होता. भुशात त्याच्या स्वतःच्या टाचांचे जुने खळगेही तसेच होते. तो त्यांत जाऊन उभा राहिला. पाचरीकडे जायला हवे होते ते हात सवयीने मुठीकडे गेले. सवय ही माणसाहून प्रामाणिक असते. त्याने मूठ धरली आणि एकदा ओढली.

करवत खाली आली. खांद्यावर थोडा भुसा पडला. यात नवल काहीच नव्हते.

मग करवत वर गेली.

सावकाश, पूर्ण, नेहमीइतकी. माथ्यावर क्षणभर अडखळली आणि वाट पाहत राहिली.

३

धाकटा शाळेत फार शिकला नव्हता, पण लाकडाच्या बाबतीत त्याची बुद्धी कोणाला हार जाणारी नव्हती. ओले लाकूड करवतीला आवळते. वाळताना ते ताण धरते, कधी झटकाही देते. हे सारे त्याने स्वतःला समजावून सांगितले. परंतु लाकूड आपल्या पोटातले लोखंड उचलून हातभर वर नेते, असे त्याने कधी पाहिले नव्हते. तो शिडी चढून ओंडक्यावर गेला. कोणी नव्हते. दादाचा घाम पुसायचा पंचा घडी करून ठेवलेला, त्यावर महिन्याभराची धूळ, आणि धुळीवर मांजराचेही पाऊल नाही. वरची मूठ त्याने ओढून पाहिली. करवत जागची हलली नाही.

खाली येऊन ओढली, तर चालू लागली.

आता शहाण्या माणसाने काय करावे? शहाण्याने वखारीला कुलूप घालावे. धाकट्याने बाही वर सारली.

दुपारी तो घरात आला तेव्हा वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"कोणाला बोलावलंत कामाला?"

"कुणाला नाही. मीच जरा..."

"मला शिकवू नका. त्या आवाजावर आधण ठेवत आले मी आजवर. तुम्ही दोघं थांबायच्या आधी मला कळायचं की आता थांबणार. हा दोन माणसांचा आवाज आहे."

धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण त्या दिवशी भिजला. तो एवढेच म्हणाला, "जुनाच माणूस आहे, वहिनी."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी चहाचे पाणी वाढवले.

त्यानंतरचे दिवस धाकट्याच्या आयुष्यातले बहुधा सर्वांत सुखाचे होते, आणि हे म्हणताना त्याला लाजही वाटली असती. सकाळी न्याहारी उरकली की तो खड्ड्यात उतरे. वखारीच्या झरोक्यातून ऊन ओंडक्यावर पडे आणि चिरलेल्या फटीतून गाळून खाली येई. करवत खाली, करवत वर, अडखळा. मान खाली घालून तो बोलत राही. दादा जिवंत असताना तो जेवढे बोलला नव्हता तेवढे आता बोलला. लहानपणी दोघांनी मिळून एकच सायकल विकत घेतली होती आणि पुढच्या चाकावर कोणाचा हक्क यावरून भांडले होते, ते आठवले. वडील गेले त्या दिवशीही दादाने अर्धी राहिलेली फळी पुरी करायला लावली होती. "हाताला काम दे, डोळ्याचं पाणी आपोआप आटतं," तो म्हणाला होता. ते खोटे होते. दोघांच्याही डोळ्यांचे पाणी त्या दिवशी भुशातच पडले होते. पण वर पाहायचे नसल्यामुळे कोणी कोणाचे पाहिले नाही. धाकट्याला वाटे, वडिलांनी तो नियम भुशासाठी केलाच नसावा.

वरून उत्तर येत नसे. गुणगुणणेही नाही. बोटेही दिसत नसत, कारण ऊन नेमके त्या कडेवर असे. त्याने ते फारसे मनावर घेतले नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. अडखळा कमी होत चालला होता. एके दिवशी तो उरलाच नाही. करवत वर जाई ती एका दमात, गुळगुळीत, आणि पुन्हा हातात येई ती अधीरपणे. धाकट्याचे दंड भरून येत, वरचा मात्र दमत नसे.

खांदा बरा झाला असेल, धाकट्याने स्वतःला सांगितले. मेल्यावर माणसाचे एवढे तरी बरे व्हायला नको का?

४

सुतार ओंडका पाहायला एक दिवस आधीच आला. माणूस गडगड बोलणारा, पण डोळा पक्का. टुणकन ओंडक्यावर चढला, एक डोळा मिटून फटीच्या दिशेने पाहू लागला आणि हसायचा थांबला.

"धाकटेराव, वर कुणाला उभं केलं होतंत?"

"का?"

"त्याला शिव्या घालायच्यात. अहो, इकडे बघा. इथपर्यंत दादांचा हात. रेघ म्हणजे रेघ, केस चिरावा तशी. आणि इथून पुढे बघा काय आरास मांडलीय ती! फळी आहे की साप?"

"लाकडात गाठ असेल," खड्ड्याच्या काठावर उभा असलेला धाकटा म्हणाला.

"लाकूड सरळ आहे. माणूस वाकडा होता." सुताराने गुडघे टेकले आणि गंमत करून दाखवावी तसा फटीवर ओणवा झाला. "असा. असा वाकून होता तो. असं केल्याशिवाय करवत अशी फिरतच नाही. रेघेवर नजरच नव्हती त्याची. सारा वेळ फटीतून खाली बघत होता." त्याने फटीला डोळा लावला. "खाली काय ठेवलं होतंत एवढं बघण्यासारखं? सोन्याचा हंडा?"

 वाकडी रेघ जिथून सुरू झाली होती तिथे धाकटा बघत होता. दादाचा हात जिथे थांबला, तिथेच. एक बोटभरही पुढे नाही. म्हणजे ज्या दिवशी अडखळा होता, ज्या दिवशी त्याने सायकलीची गोष्ट सांगितली, ज्या दिवशी तो मान खाली घालून रडला, त्या प्रत्येक दिवशी वरचा रेघ सोडून त्याच्याकडे पाहत होता.

दादाने आयुष्यात कधी रेघेवरून नजर काढली नव्हती. घराला आग लागली असती तरी आधी फळी पुरी केली असती.

"चहा घेऊन जा," मागून वहिनी सुताराला म्हणाल्या. त्यांनीही ऐकले होते. धाकट्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याला तिथे भीती सापडेल असे वाटले होते. तिथे दुसरेच काही होते, आणि ते पाहून त्याला अधिक वाईट वाटले. वहिनींना हेवा वाटत होता.

५

शुक्रवारी सामान बांधून झाले. पुतणी गाडी घेऊन यायची होती. धाकटा पाचर ठोकायची लहान हातोडी घेऊन खड्ड्यात उतरला. त्याने मनाशी ठरवले होते: दादा असेल तर निरोप घ्यायचा, नसेल तर मूठ काढायची. दोन्हीला खालीच जायला हवे होते.

त्याने वर पाहिले नाही. पण त्या सकाळी त्याच्या ध्यानात आले की पाहण्याची गरजही नव्हती. फटीतून गाळलेल्या उन्हाची एक लांब, वाकडी रेघ भुशावर पडली होती. ती सलग नव्हती. एका जागी ती तुटली होती, माणसाच्या डोक्याएवढी.

करवतीच्या पात्याची सावली निराळी होती, बारीक. ही तशी नव्हती.

धाकटा एक पाऊल डावीकडे सरकला. भुशावरचा तो अंधाराचा तुकडाही डावीकडे सरकला. धाकटा उजवीकडे आला. थोडे थांबून तोही आला.

आणि मग, इतक्या दिवसांत प्रथमच, पात्यावर दोनदा टिचकी वाजली.

तीच. नखाने मारलेली, बारीक, घरची. त्या नादाने धाकट्याचे काळीज असे काही हलले की क्षणभर त्याला कशाचीच भीती उरली नाही. दादा गेला त्या दिवशी न आलेली हीच ती टिचकी. तिच्यावाचून तो सारे दिवस मूठ धरून राहिला होता. आता उत्तर द्यायचे, बस्स. दोन टिचक्या. की दादा मूठ सोडील, शिडीला पाय लावील, भुशावर येऊन बसेल आणि म्हणेल, "सरक तिकडे." सरक तिकडे हे दोन शब्द ऐकण्यासाठी धाकट्याने काय दिले नसते!

त्याने अंगठ्याचे नख पात्यापाशी नेले.

पुन्हा दोन टिचक्या. थोड्या लवकर. दादा कधी दुसऱ्यांदा टिचकी मारीत नसे. एकदा विचारून तो वाट पाहत असे.

भुशावरचा अंधार आता मोठा झाला होता. कोणी अधिक खाली वाकावे तसा.

धाकट्याने नख मागे घेतले. हातोडी उचलून पाचरीवर घाव घातला, दुसरा घातला, मूठ सुटून हातात आली, आणि ती छातीशी धरून तो शिडीकडे धावला. शिडी चढताना मान त्याने खालीच ठेवली. या शिडीने चढणारा आणि उतरणारा एकाच वेळी असला तर काय होते, हा विचार त्याने मधल्या पायरीवर केला आणि तिथेच सोडला.

वर वहिनी उभ्या होत्या. "उत्तर नाही दिलंत?" त्यांनी विचारले.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

६

पुतणीचे घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर होते. खोल्या स्वच्छ, उजेडाच्या. डोक्यावर फक्त मोकळी गच्ची आणि तिच्याकडे जाणारा जिना, तोही दाराबाहेरच. पुतणी सकाळी कामाला जाई ती संध्याकाळी येई. दिवसभर दीर-भावजय दोघेच असत, रिकाम्या हातांनी.

पहिल्याच आठवड्यात सुताराचा फोन आला. "ओंडका पोचला, धाकटेराव. करवत शेवटी तुम्हीच नेलीत तर! मला वाटलं, विसराल आणि माझी चैन होईल."

"मी फक्त खालची मूठ आणली," धाकटा म्हणाला.

"मग करवत कुठे गेली? फट मोकळी होती."

धाकट्याने फोन ठेवला. मूठ त्याच्या खाटेजवळच्या फळीवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पिठासारखे काही पडलेले होते. वहिनींनी ते हाताने झटकले आणि बोटे नाकाशी नेली. त्यानंतर रोज उशी त्याच झटकू लागल्या. झटकण्याआधी हात त्यावरून एकदा हलकेच फिरवीत.

"भावोजी," एकदा त्या म्हणाल्या, "वर कुणी काम करतंय का?"

"वर गच्ची आहे, वहिनी."

"ते मला ठाऊक आहे. मी जागेची माहिती नाही विचारली."

टिचक्या दुपारी येत, चहाच्या वेळेला. छतातून, दोन. धाकटा मूठ मांडीवर घेऊन बसे आणि बोटे आवळून धरी, चुकून कशावर आपटू नयेत म्हणून. जोवर उत्तर जात नाही तोवर वरच्याने उतरायचे नसते. वडिलांच्या कामातला हा एक कायदा तरी अजून पाळला जात होता. आणि खरे सांगायचे तर त्या टिचक्या येणे बंद व्हावे, असेही त्याला वाटत नव्हते. त्या आल्या नाहीत तर दादा खरोखरच गेला, असा अर्थ झाला असता.

एका दुपारी वहिनींनी चहा गाळला आणि दोन कप मांडले. छतातून दोन टिचक्या आल्या. थोड्या वेळाने आणखी दोन.

"उत्तर द्या ना," वहिनी म्हणाल्या.

"नको, वहिनी."

"किती ताटकळत ठेवायचं माणसाला? तुम्हाला रोज भेटले ते. इतके दिवस तुम्ही बोललात त्यांच्याशी. मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकत होते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यांचा खांदा दुखतो, भावोजी."

धाकट्याला सांगायचे होते की वर जो आहे त्याचा खांदा दुखत नाही. रेघेचे सांगायचे होते, भुशावरच्या अंधाराचे सांगायचे होते. पण वहिनींनी आज केस नीट विंचरले होते, आणि दादा गेल्यापासून ते त्यांनी प्रथमच केले होते. 

वहिनींनी चमचा उचलला आणि कपाच्या काठावर वाजवला. दोनदा.

छतातला आवाज थांबला. घरात इतके शांत झाले की चहावरची वाफही ऐकू यावी.

मग दाराबाहेर, गच्चीच्या जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला, एक पाऊल पडले. दादा नेहमी भराभर उतरत असे, चहाच्या ओढीने. हे पाऊल पहिल्या पायरीवर बराच वेळ थांबले. मग दुसरी पायरी.

वहिनींनी तिसरा कप मांडला. त्यात चहा ओतला. दारापाशी जाऊन त्यांनी कडी काढली आणि त्या हसल्या, कित्येक दिवसांनी.

"सरका थोडं तिकडे, भावोजी," त्या म्हणाल्या. "त्यांना बसायला जागा करा."

धाकटा सरकला. मूठ त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान खाली घातली. दाराच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ त्याच्या पायांपाशी पडली होती. आधी ती सलग होती. मग ती एका जागी तुटली.

त्याने वर पाहिले नाही.